रेघ खाली येत नाही

‘चालेल’ हा शब्द तोंडातून निघून गेला तेव्हा तो ओट्याशी उभा राहून पावाला लोणी लावत होता. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरलेला. पलीकडून, लेकीच्या घरून, बायको बोलत होती, सकाळच्या घाईत बोलावं तसं, मध्येच बाळाला ‘अरे अरे, पडशील’ म्हणत. “ही म्हणते, बाळ शाळेत जायला लागेपर्यंत आई तू इथंच राहा. जावईही तेच म्हणाले. मागची खोली माझ्यासाठी नीट करून घेतायत, भिंतीत कपाटबिपाट. तुम्हाला चालेल ना?” “चालेल.” “नक्की ना?” “अगं, चालेल म्हटलं ना.” “बरं. मग संध्याकाळी जावई आले की सांगते त्यांना. सुतार थांबलाय म्हणे.” मग तिनं रोजचं विचारलं, “खाल्लंत का काही?” आणि त्यानं रोजचं सांगितलं, “हो.” फोन बंद झाला. त्यानं पाव खाल्ला, दुसरा खाल्ला, मग उकडलेली दोन अंडी खाल्ली, कपभर दूध प्यायला. भूक चांगली होती. भुकेचं काही बिघडलेलं नव्हतं. फक्त पट्टा आवळताना नेहमीच्या भोकात तो सैल पडला आणि त्याला गेल्या आठवड्यात खिळ्यानं पाडलेलं नवं भोक शोधावं लागलं.

ती गेली होती दोन महिन्यांसाठी. लेकीचं बाळंतपण झालं, दोन महिने संपले, मग बाळाला सर्दी झाली, मग लेकीची रजा संपली, मग पाळणाघर पसंत पडेना. प्रत्येक वेळी फोनवर विचारणं झालं आणि प्रत्येक वेळी तो ‘चालेल’ म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. त्याचं खरोखरच चालत होतं. भात त्याला येत होता, कपडे यंत्र धूत होतं, दिवे वेळेवर लागत होते आणि वेळेवर मालवले जात होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ‘तू इथं राहा’ असं काही त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण ती इथंच असायची. जी गोष्ट समोर आहे ती मागायची कशी? आणि मागायची सवयच नसली तर ती गोष्ट समोरून गेल्यावर तोंडात शब्द कुठून यायचे? तिच्या आईकडं चार दिवस जाऊन आल्यावर ती हसत विचारायची, “आठवण आली का माझी?” आणि तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचा, “चार दिवसांत कसली आठवण?” ती म्हणायची, “दगड आहात नुसते.” त्यात राग नसायचा. दगडावर पाठ टेकून बसावं तशी ती मग त्याच्या शेजारी बसायची. आता तीन वर्षं. तीन वर्षांनी कपाट असेल, भिंतीत बसवलेलं. भिंतीत बसवलेलं कपाट कुणी काढून नेत नाही.

तो चालत कामावर गेला. थंडी होती. संस्थेची इमारत शहराच्या टोकाला, बुटकी आणि लांबलचक, बाहेरून पाहणाऱ्याला गोदाम वाटावं अशी. आत एका बाजूला डुकरांचे कप्पे आणि दुसऱ्या बाजूला ती खोली, जिच्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. खोली म्हणजे खरं तर खोलीत ठेवलेली पेटी. एक वाढीचं डुक्कर ऐसपैस उभं राहील, पडेल, वळेल एवढी. दार घट्ट लावलं की आतली हवा बाहेर नाही आणि बाहेरची आत नाही. एका नळीनं ताजी हवा आत जायची, दुसऱ्या नळीनं वापरलेली बाहेर पडायची, आणि दोन्हींतला फरक यंत्र मोजत राहायचं. वर्षातून एकदा शाळेची मुलं संस्था बघायला यायची, तेव्हा सगळे अधिकारी कुठं ना कुठं कामात असायचे आणि मुलं त्याच्या वाट्याला यायची. त्याला ते मनापासून आवडायचं. तो मुलांना जमिनीवर बसवायचा आणि विचारायचा, “डुकरानं खाल्लेलं जातं कुठं?” “पोटात!” “आणि पोटातून?” मुलं एकमेकांकडं बघून खुदखुदायची, मग कुणीतरी धीर करून ते सांगायचंच आणि सगळा वर्ग लोळायचा. “शाबास. थोडं तिकडं जातं. आणि उरलेलं? थोड्याचं मांस होतं, थोड्याची चरबी होते, म्हणजे ते अंगाला लागतं. पण बरंचसं जळतं. चुलीत लाकूड जळतं तसं, फक्त जाळ दिसत नाही. आत्ता तुम्ही इथं बसलायत ना, तुम्हीही जळताय. ही खोली मघापेक्षा गरम झालीय की नाही? ती तुमच्यामुळं.” मुलं आपापले हात बघायची. मग तो समजावायचा की चूल न उघडता, नुसत्या धुरावरून आत किती लाकूड जळलं हे ओळखायचं, तसं हे यंत्र श्वासावरून ओळखतं. एकदा दोन वेण्या घातलेल्या एका मुलीनं हात वर करून विचारलं होतं, “मग ती ऊब कुणाला मिळते?” “कुणालाच नाही,” तो म्हणाला होता, “हवेत जाते.” मुलीचं समाधान झालं नव्हतं. ती जाईपर्यंत त्या पेटीकडं वळून वळून पाहत होती.

आज तो आत शिरला तेव्हा संस्थेचा पशुवैद्य यंत्राच्या पडद्यासमोर चहा घेऊन बसला होता. गोलमटोल, तोंडानं अखंड वाजणारा माणूस. पेटीत जे डुक्कर असेल त्याला तो ‘पाहुणा’ म्हणायचा. “या सर. आपल्या पाहुण्याची रेघ बघा. कालपासून जी वर चढलीय ती खाली यायचं नाव नाही.”

त्यानं पाहिलं. रेघ म्हणजे जनावराच्या अंगातून निघणारी उष्णता. खाताना ती चढते, खाऊन जनावर आडवं झालं की हळूहळू उतरते, पुढच्या खाण्यापर्यंत सपाट पडून राहते. चढण, उतार, सपाटी. किती वर्षं त्यानं ती टेकाडं पाहिली होती. ही रेघ चढली होती आणि तिथंच राहिली होती.

“ताप?”

“काल आत घालायच्या आधीच तपासलाय. ठणठणीत आहे.”

“कुठं गळती?”

“गळती असती तर रेघ खाली आली असती सर, हे तुम्हीच मला शिकवलंय. आणि यंत्र म्हणाल तर परवा तुम्हीच आत स्पिरिटचा दिवा जाळून जुळवून घेतलंत.”

“खाण्याच्या कुंडीत काही उरतंय का?”

“छे! चाटून पुसून साफ. मागच्या फेरीत वजन करून पाहिलं, तर खाणं पूर्ण आणि वाढ निम्मी. खातो आणि नुसता जाळतो.” पशुवैद्यानं चहाचा घोट घेतला आणि त्याच्या पट्ट्याकडं बघत डोळे बारीक केले. “तुमच्यासारखंच झालं की! वहिनी गेल्यापासून तुमचंही खाल्लेलं अंगाला लागत नाही. दोघांना एकाच पेटीत घालू या का?” आणि आपल्याच विनोदावर तो पोट हलवून हसला.

एरवी तोही हसला असता. जनावराची तुलना माणसाशी करणारी माणसं त्याला आवडत नसत, पण पशुवैद्याचं कुणी मनावर घेत नसे. आज मात्र त्याला कुणीतरी भर रस्त्यात खांद्याला धरून थांबवावं तसं झालं. तो उठून उगाच नळ्यांचे सांधे तपासू लागला. अंगाला लागत नाही. त्याची आई हे म्हणायची, तो लहान असताना, काटकुळा. “कुठं घालवतोस रे खाल्लेलं?” पुढं तो विषयच त्याचा झाला. खाल्लेलं जातं कुठं. त्याचं उत्तर तो ताळ्यासकट देऊ शकत असे. एवढं वाढीला, एवढं हालचालीला, एवढं अंग गरम राखायला, आणि मग जे काही केल्या कशातच बसत नसे ते ‘जगण्याचा खर्च’ म्हणून एका बाजूला. काही न करता, न वाढता, नुसतं जिवंत असण्याला जे लागतं ते. एकेकट्या ठेवलेल्या डुकरांचा हा खर्च नेहमी थोडा जास्त भरायचा. का, ते त्यानं शोधलं नव्हतं. असतो एकेकाचा स्वभाव, असं म्हणून तो पुढं जायचा.

आणि त्याच वेळी, एका सांध्यावरचं फडकं घट्ट करताना, त्याला विनाकारण तिचे पाय आठवले. बर्फासारखे. थंडीत अंथरुणात आली की ती ते त्याच्या पोटऱ्यांना लावायची आणि तो ओरडायचा, “काढ ते आधी!” ती काढायची नाही. “तुमच्यात आहे ना एवढी भट्टी. मला थोडी दिली तर काय बिघडलं?” तो कुरकुरत झोपी जायचा आणि केव्हातरी जाग आली की ते पाय गरम झालेले असायचे, इतके की कुठले पाय कुणाचे हे अर्धवट झोपेत कळायचं नाही. आपण ते सोसतो असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आता रात्री त्याला पांघरूण नको होई. अंगाचा नुसता उबारा होई, तो उठे, पाणी पिई, या खोलीतून त्या खोलीत जाई, खिडकीशी उभा राही. ती गेल्यापासून आपण घरात बसलेलोच नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. जेवतो उभ्यानं. पेपर उभ्यानं वाचतो. फोन उभ्यानं घेतो. बसलं की समोरची खुर्ची दिसते म्हणून.

त्यानं फडकं सोडलं. उभ्यानं.

पेटीला एका बाजूनं काचेची खिडकी होती आणि तिच्यावर काळा पडदा. पडदा त्यानंच टाकवला होता, फार पूर्वी. माणूस दिसला की जनावर उठतं, आणि डुकराला उभं राहणं महाग पडतं. गायीला, मेंढीला पडतं त्याहून कितीतरी जास्त. उभं डुक्कर पडलेल्या डुकरापेक्षा भराभर जळतं. म्हणून प्रयोग चालू असताना पडदा उचलायचा नाही असा त्याचा नियम होता, आणि इथं त्याचा नियम म्हणजे भिंतच. आत काय चाललंय ते रेघ सांगते, डोळ्यांनी बघायचं काय त्यात? नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो हे शिकवत आला होता.

त्यानं पडदा उचलला.

“अहो सर!” पशुवैद्य मागून म्हणाला. “तुम्हीच?”

ते उभं होतं. काचेकडं त्याचं लक्षही नव्हतं. पाठमोरं, पुढचे पाय भिंतीशी जवळ घेऊन, मान ताणून, नाकाडं वर केलेलं. हवा आत येण्याचं जे बोटभर जाळीदार तोंड भिंतीत होतं, नेमकं त्याच्याशी. नाकाडं हळूहळू हलत होतं. मागचे पाय दमलेले दिसत होते. एकदा ते वाकले, आता ते बसेल असं वाटलं, आणि तेवढ्यात त्यानं स्वतःला सावरून नाक परत जाळीला लावलं.

“काय करतंय हे?” पशुवैद्य चहाचा कप घेऊनच काचेशी आला होता. हसू त्याच्या तोंडावर अर्धं राहिलं होतं.

त्याला माहीत होतं. माहीत असायलाच हवं होतं, कारण ती नळी त्यानं स्वतः बसवून घेतली होती. बाहेरची हवा फार थंड, ती तापवण्यात वीज जाते, म्हणून त्यानं हवा घेण्याचं तोंड पलीकडच्या कप्प्यांच्या बोळात काढलं होतं. तिथली हवा आयती उबदार. आणि त्या कप्प्यात याच वेताचं दुसरं डुक्कर होतं, याचा भाऊ. जन्मल्यापासून दोघं एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेले. आत आवाज पोचत नव्हता, दिसत काही नव्हतं. पण हवा पोचत होती, आणि हवेबरोबर त्याचा वास. बोटभर जाळीतून. म्हणून ते उभं होतं. खायचं, आणि खाल्लेलं सगळं खर्ची घालून तिथं उभं राहायचं. आणि हे एकच असेल कशावरून? इतकी वर्षं पडद्याआड किती उभी राहिली असतील? त्यांचं ते उभं राहणं त्यानं मोजलं होतं, अगदी काटेकोर मोजलं होतं, आणि जगण्याचा खर्च म्हणून मांडलं होतं.

“मी आलोच,” तो म्हणाला.

इमारतीच्या मागं कुणी येत नसे. तिथं भिंतीतून एक जाड नळी बाहेर आली होती आणि तिच्यातून पंखा पेटीतली हवा बाहेर टाकत होता. तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला तेव्हा मानेवर ऊब आली, ओलसर, किंचित आंबूस. त्यानं तळहात पुढं धरला. मग फोन काढला. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता, पण ही वेळ त्याच्या फोनची नव्हती आणि तिनं उचलला तोच घाबरून.

“काय झालं? बरं नाहीये का?”

“बरा आहे. जावई आले का?”

“आत्ता कुठले? अहो, काय झालं?”

“सांगितलंस का त्यांना? खोलीचं?”

“नाही अजून. संध्याकाळी सांगणार म्हटलं ना.”

“नको सांगूस.”

तो कारण शोधू लागला. दूधवाला वेळेवर येत नाही. नळ गळतो. कपड्यांना इस्त्री नसते. सगळी कारणं ओळीनं येऊन उभी राहिली आणि सगळी खोटी होती. दूधवाला वेळेवर येत होता.

“का?” ती म्हणाली.

“मला करमत नाही.”

त्याला वाटलं, आता ती हसेल. दगड म्हणेल. पलीकडून काहीच आलं नाही, इतका वेळ की त्यानं फोन कानापासून काढून बघितला, लागलेला आहे ना. होता.

“ऐकू नाही आलं नीट,” ती म्हणाली. आवाज बदलला होता. ऐकू आलं होतं, हे त्याला कळलं.

“मला करमत नाही, म्हटलं. तुझ्याशिवाय.” हे त्यानं मोठ्यानं सांगितलं, वर्गात मागच्या रांगेला सांगावं तसं.

“इतके दिवस चालेल चालेल म्हणत होतात.”

“चालतंय. पण करमत नाही.”

“मी दर वेळी विचारत होते ते काय उगाच?” ती आता रडत होती की चिडली होती, की दोन्ही. “दर वेळी वाटायचं, आता म्हणतील नको म्हणून. मुलीला मी काय तोंडानं सांगणार होते, मला घरी जायचंय म्हणून? तिकडून कुणी बोलावतच नाही तर? लगेच नाही यायचं मला. हिची सोय लावायला हवी. पाळणाघर बघू परत. थंडी संपेपर्यंत तरी लागेल.”

“चा—” तो म्हणाला आणि थांबला. “लवकर बघ.”

“बघते.” तिनं नाक पुसल्याचा आवाज आला. “कुठं उभे आहात? घरघर कसली येतेय मागं?”

आणि मग, या इमारतीत इतकी वर्षं काय चालतं हे ज्याला तिनं कधी विचारलं नव्हतं आणि ज्यानं कधी आपणहून सांगितलं नव्हतं, तो तिला सांगू लागला. पंखा आहे. आतल्या जनावराचा श्वास बाहेर टाकतो. खाल्लेलं जातं कुठं तिथपासून त्यानं सुरुवात केली, शांतपणे, काही न गाळता. पेटी, नळी, पडदा, रेघ, पलीकडचा भाऊ, बोटभर जाळी. ती मध्ये मध्ये ‘हं’ म्हणत होती. जाळीपर्यंत आला तशी ती म्हणाली, “म्हणजे ते अजून तसंच उभं आहे?”

“हो.”

“अहो, मग काढा ना त्याला आधी बाहेर! माझ्याशी काय बोलत बसलाय?”

“सगळा प्रयोग वाया जाईल. पहिल्यापासून करावा लागेल.”

“मग करा पहिल्यापासून. जा. मी धरलाय फोन.”

तो आत गेला. पशुवैद्य अजून काचेशीच होता. फोन खिशात टाकून त्यानं पेटीच्या दाराच्या कड्या फिरवल्या, एकापाठोपाठ एक, आणि दार उघडल्याबरोबर यंत्राच्या पडद्यावरची रेघ वेडीवाकडी उसळून तुटली. पशुवैद्यानं कप खाली ठेवला आणि पलीकडच्या कप्प्याची फळी उचलून धरली. डुक्कर बोळातून धावलं नाही, मध्येच हुंगत थांबत, अडखळत गेलं. आत शिरल्यावर दोघांनी एकमेकांना बाजूनं जोरात ढुशा दिल्या, एक चिरका आवाज निघाला, भांडतात की काय असं क्षणभर वाटलं. मग भाऊ, अंगानं मोठा झालेला, आधी भुशात कलंडला आणि पाहुणा त्याच्या पोटाशी, अर्धा त्याच्या अंगावर, धप्पकन पडला.

त्यानं फोन काढला. “आहेस?”

“आहे. काय आवाज तो? काय करतायत?”

“पडलेत.” तो कठड्यावर वाकला आणि आवाज अगदी खाली आणून बोलू लागला. “लहान्याचं डोकं मोठ्याच्या मानेवर आहे. डोळे मिटलेत. पोट जोरात हलत होतं, आता हळू हलतंय.”

“दिसतंय ते सगळं सांगा मला.”

“कान हलला.”

“कुणाचा?” तिनं विचारलं.